दहापर्यंत

पाठ माझीच, पण मी ती कधी पाहिली नव्हती.
एकतीस वर्षं मांडीवर सूप,
ओला तेंदूपत्ता, फर्मा, कात्री,
आणि डोळ्यांसमोर बोटं. ओळख होती ती बोटांशी.
पाठ मागं बसून राहायची
पंगतीत शेवटी जेवणाऱ्या सुनेसारखी,
काही मागायची नाही.

मागितलं ते एकदम.
चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं,
दुसरी घागर उचलली
आणि डाव्या पायातून वीज गेली, थेट टाचेपर्यंत.
घागर सांडली. आधी जीव हळहळला तो पाण्यासाठी.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
म्हणाले, मणक्यामधली गादी सरकलीये.
सोलापुरात जन्म गेला, चादरी पाहिल्या, टॉवेल पाहिले,
गादी माझ्या आतच अंथरलेली होती
हे कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन झालं.
शेजारची बालामणी म्हणाली, तीन महिने हलू नकोस,
बाळंतीण समज स्वतःला.
पण दुसऱ्याच सकाळी
तहसीन बागवान नावाची पोरगी आली,
पांढरा कोट, पायात स्पोर्टचे बूट,
आणि तिनं मला कुशीवर वळवून, कोपरावर उठवून
उभं केलं.
"पडून राहिलात तर पडूनच राहाल, मावशी."
मी तिला तेलुगूत शिव्या घातल्या.
तिला कळल्या. साखर पेठेत वाढलेली ती.
हसली, आणि म्हणाली, आता एक पाऊल.

पहिला आठवडा : दारापासून विजेच्या खांबापर्यंत.
मग तीन खांब.
मग कोपऱ्यावरच्या यंत्रमागापर्यंत,
तिथं पाय आपोआप खटखटीचा ताल धरायचे
आणि ती ओरडायची, सावकाश,
माग नाही तुम्ही.

टाके सुकल्यावर तिच्या दवाखान्यात, सात रस्त्याला.
उताणं निजा. गुडघे वर. आता कंबर उचला.
"याला पूल म्हणतात. धरा. दहापर्यंत."
ओकटी, रेंडू, मूडू...
माझी मोजणी पंचवीसची.
पंचवीस विड्या, दोरा, गाठ, एक कट्टा.
चाळीस कट्टे म्हणजे एक दिवस.
दहावर कुणी थांबतं का?
बोटं चादरीवर पुढचं मोजत राहायची,
अकरा, बारा,
आणि कंबर कधीच खाली आलेली असायची.

दुखतंय म्हटलं की ती विचारायची, कसं?
कसं म्हणजे काय. दुखणं दुखण्यासारखं.
"नाही मावशी. ओढ लागतेय की कळ जातेय?"
ओढ लागली तर करत राहायचं,
कळ गेली तर थांबायचं.
हा फरक शिकायला मला सगळा माघ लागला.

विडी सोडा, असं ती एकदाही म्हणाली नाही.
म्हणाली, सूप घेऊन या उद्या.
चार विटा, वर फळी, फळीवर सूप,
पाठीशी गुंडाळलेली चादर, मोराची,
मोराची मान बरोबर कमरेच्या खळग्यात.
चार कट्टे झाले की उठायचं, वीस पावलं, परत.
हजाराच्या जागी सातशे होतात आता.
पोरगा आठवड्याचा हिशेब दोनदा करतो.
बोलत नाही.

एकदा तिनं मोबाइलवर दाखवली मला माझी पाठ.
करंगळीएवढी रेघ, दोन्ही बाजूंना ठिपके,
तुटला धागा जोडल्यावर
कापडाच्या उलट्या बाजूला दिसते ना गाठ, तशी.
एवढीशीच? मी म्हटलं.
आणि कितीतरी वेळ फोन परत दिला नाही.

परवा ब्रँचमध्ये माल दिला.
चेकरनं एक कट्टा उचलला, हातात तोलला,
सोडून मोजला, पुन्हा मोजला.
दहा विड्या. नीट दोरा, नीट गाठ.
"राजमणी, हे काय गं?"
रांगेतल्या बायका वाकून बघायला लागल्या.
मी वाकले नाही.
कट्टा त्याच्या हातातून घेतला, पिशवीत टाकला
आणि म्हटलं,
तो माझा आहे.