काट्याची बाजू

रजिस्टर पार्सल आलं तेव्हा सर रजेवर होते.
सही मीच केली: लिंबाजी शृंगारे,
प्रयोगशाळा परिचर, वनस्पतिशास्त्र, अंबाजोगाई.
आत निळी मखमल, मखमलीत प्लास्टिकची डबी,
डबीत नाणं.
एका बाजूला सिंह आणि रक्कम,
दुसरीकडे आपली खरपुडी,
बुट्टेनाथाच्या दरीतली.

सवयीनं फरशीवर वाजवून घेतलं.
आवाज खणखणीत होता, चांदीचा.
सोबतच्या कागदावर लिहिलेलं:
हे नाणे व्यवहारासाठी नाही.

शनिवारी डबी खिशात घालून
सोजरबाईकडे गेलो.
सात वर्षांमागं जागा तिनंच दाखवली होती,
शेळ्या थोपवून, काठीनं बोराटीची जाळी उचलून:
«हितं बगा. हात घालू नगा.»
सर गुडघ्यांवर, चष्म्यावर घाम,
आणि मी फुलाशेजारी पट्टी धरून,
श्वासानं ते हलू नये म्हणून तोंड फिरवून:
अडीच सेंटिमीटर.

पुढं जे छापून आलं त्यात सरांचं नाव होतं.
दरीचं नव्हतं, मुद्दाम, चोरांच्या भीतीनं.
सोजरबाईचंही नव्हतं.
ते मात्र कुणी मुद्दाम केलं नव्हतं.

तिनं पदराला हात पुसले, मग नाणं घेतलं.
«चालतंय का बाजारात?»
नाही.
«मग नानं कामून मनायचं ह्येला?»

नातवानं मधेच तोंड घातलं: छापा का काटा?
सिंह म्हणजे छापा, मी म्हणालो,
म्हणजे फूल काटा.
म्हातारी खळखळून हसली.
«बरूबर हाय. काट्यातच ऱ्हातंय त्ये.»

मग हसू ओसरलं.
«ल्हान होताव तवा ह्याचेच कांदे
उकरून खात होताव. कच्चेच.
वल्ल्या भुईमुगावानी लागायचे.
आमी खाल्लं म्हून संपलं का वो?»

नाही म्हणालो. खडीचं क्रशर आलं,
उन्हाळ्यात डोंगर पेटवतात,
असं बरंच काही म्हणालो.
निम्मं खरं होतं.
उरलेल्या निम्म्यात
मीही होतो, दहा वर्षांचा,
खुरपं घेऊन, तोंडाला माती लागलेला.
ते तिला सांगितलं नाही.

तिनं नाणं उन्हात तिरकं धरलं, बराच वेळ.
खालचं मडकं जमलंय, मनली,
वरचा कंदील बी.
पन माशी कुठंय?

मला कळलं ती काय विचारते.
चिलटाएवढी माशी नळीतून खाली उतरते,
आतले केस खाली वळलेले,
परतीची वाट नसते.
रात्रभर मडक्यात भिरभिरते,
अंगाला पराग चिकटवून घेते.
मग केस सुकतात, फूल मान टाकतं,
माशी बाहेर,
पुढच्या फुलात पुन्हा फसायला.
पुढचं फूल असेल तर.

हे फूल सुकायचं नाही, मी म्हणालो. चांदी आहे.

«मंग सोडनार कवा?»

मी डबी बंद केली. टक् असा आवाज झाला.
शेळ्या एव्हाना बांध ओलांडून गेल्या होत्या,
ती त्यांच्यामागं गेली,
पोरगं काही काळ माझ्या खिशाकडे बघत राहिलं.

सोमवारी डेडस्टॉक रजिस्टर काढलं.
वस्तूचे नाव: नाणे, स्मारक.
नग: एक.
स्थिती: चांगली.
ठिकाण: कपाट तीन, सूक्ष्मदर्शकांखाली.
शेरा या रकान्यापाशी पेन थांबलं,
मग लिहिलं:
माशी नाही.

सर आले, वाचलं, म्हणाले, हे काय शृंगारे, खोडा.
खोडलं.
एकच रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.
खालचं अजून वाचता येतं.