बावीस पुतळ्या

दिवाडीहून फेरी ओलांडून आली एर्मेलिंडा,
एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्यात रुमालाची गाठ.
म्हणाली, शेट, माळ सोडवा.
आम्ही तिघी बहिणी. एक लिस्बनला, एक टोरोंटोला,
आणि मी, आईची शेवटची चादर धुणारी.
बावीस पुतळ्या आहेत. वाटे घाला.

मी दोरा कापला.
कुंभारजुव्याच्या या पेढीवर चाळीस वर्षं
मी जास्त करून दोरेच कापत आलो.

पुतळ्या वेनिसच्या. मिऱ्यांच्या मोबदल्यात आलेल्या.
कडी लावली की दागिना, कडी काढली की पुन्हा पैसा.
एक संत उभा, मध्ये झेंड्याची काठी,
आणि समोर गुडघ्यावर त्यांचा दोजे.
तिच्या आईला तो सांव मार्कुस.
माझ्या आईला राम, आणि गुडघ्यावर मारुती.

सतराव्या पुतळीवर भिंग अडलं.
काठाची अक्षरं वेगळी.
खोटी आहे? तिनं विचारलं.
असेल तर लिस्बनच्या वाट्याला टाका.

कसोटीवर ओढली. रेघ बाकीच्यांसारखीच पिवळी.
मग फोटो काढला, वारुणीला पाठवला.
पोर पणजीला जुनी दफ्तरं वाचते,
फोन लगेच आला.

बाबा, ही पडली तेव्हा दोजे उरलाच नव्हता.
हजार वर्षांचं ते राज्य
मे महिन्यातल्या एका दिवशी स्वतःच हात वर करून मोडलं,
सभेत पुरेशी माणसंही नव्हती.
खाडीपलीकडे फ्रेंच तोफा.
चौकात स्वातंत्र्याचं झाड रोवलं,
खानदानांची सोनेरी वही त्याच्या बुंध्याशी पेटवली.
दोजेची सोन्यानं मढवलेली नाव होती,
ती जाळली, आणि राखेतून सोनं काढलं.

थांब, मी म्हणालो.
राखेतून?
म्हणजे झारेकरीच की गे!
आमच्या मोरीतला गाळ नेणारे,
जुन्या शालूची जर जाळणारे.
इतकी वर्षं त्या फौजेचं नाव ऐकलं,
तिचा धंदा आज कळला.

पाच महिन्यांत तोच मुलूख ऑस्ट्रियाला दिला.
तिकडे बेल्जियम घेतलं, इकडे वेनिस.
झाडाचं सरपण झालं असेल.
आठ वर्षांनी परत घेतलं. नऊ वर्षांनी परत दिलं.

एर्मेलिंडा मध्येच म्हणाली,
आमच्या सायबाच्या थडग्याचा संगमरवर
तिथलाच ना?
तिथला नाही, फ्लोरेन्सचा, वारुणी फोनमधून.
त्या राज्याचंही नाव बदललं होतं.
सहा वर्षं टिकलं नवं नाव. मग तेही पुसलं.
आणि इथे तेव्हा काबोच्या टेकडीवर इंग्रज तांबड्या डगल्यात,
फ्रेंचांपासून आपल्याला राखत बसलेले.
आपण हाक मारली होती की नाही,
कुठल्या कागदात अजून सापडलं नाही.

मग ही पुतळी कोणाची?

सम्राटाची, बाबा. विएन्नाच्या.
टाकसाळ तीच, साचा तोच.
स्वतःचं तोंड नाही छापलं त्यानं,
दुसरं नाणं पूर्वेकडे कोणी हातात धरलं नसतं.
म्हणून गुडघ्यावरच्या माणसाच्या पाठीशी
फक्त आपलं नाव घातलं.
तुमच्या बायकांच्या गळ्याची सवय
त्याला मोडता आली नाही.

एर्मेलिंडा काही बोलली नाही.
पुतळी तिनं उलटी केली, सुलटी केली.

सात, सात, सात.
गुलाबी कागदाच्या तीन पुड्या.
सतरावी उरली.

फेरीवरून पाण्यात सोडू? ती म्हणाली. हसली.
मूठ मात्र उघडेना.

एक कडी खाली पडली होती.
मजुरीत धरायला नको म्हणून शोधत
मी पाटाखाली वाकलो, गुडघ्यावर आलो,
वर पाहिलं,
तर ती माझ्यासमोर उभी,
छत्री सरळ धरून,
टोक जमिनीला, मूठ खांद्याच्या वर,
आणि मी पण नकळत
त्याच काठीला हात लावलेला.