ड) इतर

विद्यापीठातून एक पोरगी आली होती हर्सूलला,
खांद्याला झोळी, झोळीत कागदांचा गठ्ठा.
आत आल्यावर तुम्ही देवाधर्माकडे का वळलात?
अ) भीती. ब) पश्चात्ताप. क) सुटकेची आशा.
ड) इतर.
आणि इतरच्या पुढं दीड इंच रेघ.

मी चार नंबर बराकीचा रायटर.
बारावी नापास, पण अक्षर चांगलं.
याच अक्षरात एका मेलेल्या माणसाची सही केली होती,
त्याच्या बायकोची सव्वा एकर भलत्याच्या नावे गेली.
आता अर्ज लिहितो: चष्म्याचे, पॅरोलचे, दाढदुखीचे,
रोजांच्या महिन्यात सहेरी वेळेवर मिळावी म्हणून.
तर ते एकोणचाळीस कागदही माझ्याच हाताने भरले.

सोपान ढाकणे म्हणाला, क लिही.
आन् त्याच्या खाली बारीक लिही,
भजनाच्या खोलीला पंखा हाय.

वसीमुद्दीन वेल्डर, पैठण गेटचा.
"भार टैम नै था. यां टैम हिच टैम.
नमाज उसके पाँच टुकडे कर देती.
छोटा टुकडा निगलने में आता, लिख."
दीड इंचात एवढं मावलं नाही.
मी नुसतं 'पाच तुकडे' लिहिलं.

लिंबाजी वाव्हळ पहाटे गिनतीच्या आधी उठून
भिंतीकडे तोंड करून पंचशील म्हणतो.
पहिल्याच शीलापाशी त्याचा घसा बसतो.
पुढची चार तो ओठातल्या ओठात उरकतो
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.
धाकट्या भावाचं नाव तो घेत नाही.
अ का ब, तूच ठरव, म्हणाला,
मला त्या दोघातला फरक कळंना झालाय.

राहिले मन्मथअप्पा. उदगीरकडचे, पंच्याहत्तरीचे.
सून पेटली तेव्हा ते अंगणात होते.
किंवा घरात. ते सांगत नाहीत.

त्यांना आणलं त्या दिवशी मी गेटवर लिहायला होतो.
जमादारानं गळ्यातला दोरा कापला,
डबी उघडली, हलवून पाहिली, म्हणाला, लिही.
मी लिहिलं: चांदीची डबी एक. आत काळा खडा एक.
सुवाच्य.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी नळाखाली अंघोळ केली,
ओल्या अंगानं बसले,
डावा तळहात छातीसमोर उघडला, रिकामा,
उजव्या हातानं त्यावर थेंब थेंब पाणी सोडलं
आणि बघत राहिले.
वीस मिनिटं. बराकीत कुणी खोकललं नाही.
मग रोजच.
पाणी बोटांतून गळायचं, फरशीवर एक डाग पडला होता,
झाडूवाला पोरगा तेवढी फरशी सोडून झाडायचा.

मी चार अर्ज लिहिले त्यांच्यासाठी.
त्यात 'खडा' म्हटलं नाही, नाव लिहिलं,
पहिल्यांदा जमलं नव्हतं ते.
चौदाव्या महिन्यात मंजुरी आली.
मीच धावत सांगायला गेलो.

अप्पा तळहाताकडंच बघत होते.
"राहू दे तिथंच," म्हणाले.
"तो आला की मला त्येच्याकडं बघावं लागंल."

त्यांच्या कागदावर मी काहीच लिहिलं नाही.
पोरीनं विचारलं, यांचं राहिलं का?
मी म्हटलं, नाही, झालंय.
तिनं पेन्सिलीनं शून्य काढलं.
माझा कागद ती न्यायची विसरली,
किंवा रायटर धरत नसतील मोजणीत.

सुटलो त्या दिवशी टी पॉइंटला चहा घेतला.
दहाची नोट दिली. उजव्या हातात पेला,
डावा हात बाकड्यावर होता. उताणा.
कधीपासून, माहीत नाही.
चहावाल्याला वाटलं, सुटे मागतोय,
त्यानं तीन रुपये तळहातावर ठेवले.

एक मोटारसायकल गेली, मग एक सिटी बस.
मला ती मूठ मिटता येईना.