आस किती ठेवायची

शारजात, दहा नंबर इंडस्ट्रियल एरियात,
टायरवाला आणि ॲल्युमिनियमवाला यांच्या मधल्या शटरमागे
हारूत झांजा घडवतो.
अलेप्पोचा आर्मेनियन.
उजव्या कानात कापूस, डाव्यात नाही.
डावा कान गिऱ्हाइकाचा, म्हणतो.

मी देऱ्यातल्या हॉटेलात ड्रम वाजवतो, चौथ्या मजल्यावर,
छत इतकं खाली की काडी उगारताना बोटं जपावी लागतात.
माझी जुनी राइड तिथे सांडते,
रोवेनाच्या ओळीचा शेवटचा शब्द गिळून टाकते.
मॅनेजर म्हणाला, हळू वाजव.
तेल हळू सांडलं तरी
फरशीवर तेलच.

म्हणून ही ऑर्डर.
बावीस इंच. हे सोपं.
वजन दोन हजार दोनशेच्या आसपास,
पातळ पत्रा लगेच उघडतो,
जाड असला तर काडीचा टिपका सुटा ऐकू येतो,
दोन्ही हवं म्हणालो, तर त्याने नुसतं पाहिलं.
मधली वाटी? बसकी. उंच वाटी फार ओरडते.
खरवडून चकचकीत करू?
नको. भट्टीचा राप असू दे अंगावर.
इथवर हिंदी, अरबी, हातवारे
यांनी आम्हाला नीट पोचवलं.

मग त्याने वहीचं पान उलटलं.
आवाज कसा?

डार्क, मी म्हणालो.
सगळेच डार्क म्हणतात, तो म्हणाला.
तुझ्या घरी काय म्हणतात?

घरी नावांची कमी नव्हती.
नाणं खणखणीत, तडकलं मडकं बद्द,
रिकाम्या डब्याची ठणठण,
झणझणीत तर आम्ही रश्शालाच देऊन टाकलेलं.
आणि वाजून झाल्यावर मागे जे रेंगाळतं
ती आस.
ह्या शब्दाचा दुसरा अर्थ मी हारूतला सांगितला नाही.
ऑर्डरच्या वहीत तेवढी जागा नव्हती.

आस कमी हवी, म्हटलं.
किती कमी? सेकंदात सांग.
सेकंद मला जमेनात.
आमच्या हॉटेलची लिफ्ट बघ, म्हटलं,
दार मिटायला लागलं की काडी पडावी,
दार मिटलं की संपावं.
त्याने ते लिहून घेतलं, उजवीकडे की डावीकडे जाणाऱ्या
कुठल्या लिपीत, ते दिसलं नाही.
शुक्रवारी रिसेप्शनवाला विचारत होता,
तो म्हातारा कोण रे,
कानातला कापूस काढून
सहा वेळा वर-खाली गेला,
कुठेच उतरला नाही?

दीड महिन्याने झांज आली.
कर्कश. नुसती अंगावर येणारी.
ऐंशी तांबं, वीस कथील,
आणि माझे चारेक हजार घाव, हारूत म्हणाला,
अजून रागात आहे. पंधरा दिवस बोलू नकोस तिच्याशी.

रोल्यातल्या खोलीत, बंकखाली ठेवली.
खेडच्या शब्बीर मुकादमने विचारलं,
एवढी परात? पाव्हणे येणारेत?
काशाची आहे म्हटल्यावर गप्प झाला.
त्याच्या अम्मीकडे काशाची वाटी होती, तेल लावून तळपाय घासायची.
बारा तास साइटवर उभा राहून आलेला माणूस,
भीत भीत म्हणाला, टेकवू का जरा?
टेकवले. डोळे मिटले.
हारूतला हेही सांगितलेलं नाही.

सोळाव्या रात्री स्टॅंडवर चढवली.
टिपका स्वच्छ, सुकलेल्या चिंचोक्यासारखा,
मागे थोडासा धूर,
आणि दार मिटलं.

रोवेनाची ओळ संपत आली.
तीन वर्षांत पहिल्यांदा मी कान दिला
त्या शेवटच्या शब्दाकडे,
आणि तिथे शब्दच नव्हता.
ती नुसते ओठ हलवत होती.
ऐकूच जात नाही तर
घसा कशाला झिजवा, असं कधीतरी ठरवलेलं.

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं,
मग नव्या झांजेकडे,
चोरी पकडल्यासारखं.
ब्रेकमध्ये पाण्याची बाटली उघडत म्हणाली,
उद्यापासून गाईन.
आज जरा
जुनीच लावतोस का?