एक मिलिमीटर

चिप्पांच्या फ्रीज रिपेअरिंगमागे
सोलून ठेवलेली दारं,
आतलं पांढरं अस्तर, अंड्यांच्या खळग्यांसकट.
वीस रुपयांना एक, श्रीशैल म्हणाला,
आणि एवढ्याचं करणार काय, अक्का?
माणूस, म्हणाले.
मग चूक सुधारली : माणसासारखं काहीतरी.

दिवसभर मी टॉवेल तपासते, अक्कलकोट रोडला.
सुटलेला धागा, डाग, उसवलेली किनार.
डोळ्याला तीच सवय,
घरी आल्यावरही ती खुंटीला टांगता येत नाही.

स्टायरीन कापायचं नसतं.
स्टीलची पट्टी दाबून ब्लेडनं ओरखडा द्यायचा,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा त्याच रेघेवर,
मग दोन्ही हातांत धरून
कडक भाकरी मोडावी तसं मोडायचं.
टच्.
आवाज नीट आला तर रेघ खरी.
नाही आला तर वीस रुपये.

आईच्या सुपातला पानं कापायचा फर्मा
तिला न विचारता घेतला.
छातीचा पत्रा नेमका त्याच मापाचा निघाला,
आणि त्या दिवशी शंभर विड्या कमी भरल्या,
ते तिनं दोनदा ऐकवलं.

दंडाला रिकाम्या कांड्या. बोटांना रिफिली.
रिव्हेट हवे असतील तर मागून सुई टेकवायची,
आरपार जाऊ द्यायची नाही;
पुढे मोहरीएवढा फुगवटा येतो.
एकशे बारा झाले. एकशे तेरावा आरपार.
सांध्यावर थिनरचा ब्रश नुसता टेकवला
की तो आपणहून आत पळतो.
दोन तुकडे चिकटत नाहीत तेव्हा,
थोडे थोडे विरघळतात एकमेकांत,
आणि खोलीभर असा वास
की आई विड्यांची टोपली उचलून ओसरीत जाते.

बापूंना हाक मारून उपयोग नसतो.
पॉवरलूमवर जॉबर होते, कान तिथेच राहिले.
ते आपले आपण आले, चष्मा कपाळावर,
त्याला उलटा केला, कमरेपाशी हलवला.
नडुस्तदा?
नाही चालत, मी मान हलवली. नुसता उभा राहतो.
ढिला आहे, म्हणाले, मराठीत,
जणू ही गोष्ट परक्यालाही कळायला हवी.
ट्रंकेतून चामड्याचा जुना तुकडा काढला,
मागाच्या पट्ट्याचा, तेलानं काळा पडलेला,
नखाएवढा कापून कमरेच्या खिळ्यात बसवला.
आता वाकवला की तिथेच थांबतो.
काही बोलले नाहीत. चहा मागितला.

आमच्याकडे नवीन माग आलेत, बिनधोट्याचे.
चौघांचं काम एकटी मुलगी बघते,
तेही कानात बोळे घालून.
हे मी बापूंना खुणांनी सांगितलं नाही.
या गोष्टीला खूण नाही.

मे महिन्यात पाचव्या दिवशी पाणी आलं,
पहाटे नाही, भर दुपारी,
घागरी, पिंप, बादल्या, सगळे जिन्यावर.
तो राहिला पत्र्याखालच्या फळीवर.
परत आले तेव्हा डावा पाय
गुडघ्याखाली हळूच आत वळलेला,
कुणी ढकलला नव्हता, पडलाही नव्हता.
ज्यानं वीस उन्हाळे कुणाचं तरी दूध नासू दिलं नाही
ते पांढरं
आमच्या एका दुपारीत मऊ झालं.

गरम पाण्यात धरून सरळ होतो, पण तेवढाच नाही.
नवा पाय केला. नवीन ओरखडे, नवीन टच्.
वाकडा पाय बापूंनी उचलला,
खिडकीच्या फटीत खुपसला,
तेव्हापासून ती वाऱ्यानं आपटत नाही.
आपटली असती तरी त्यांना ऐकू आलं नसतं.
आमच्यासाठी केलं असावं.

डोकं अजून नाही.
श्रीशैल येता-जाता विचारतो, झाला का पुरा?
अंड्याचा एक खळगा बाजूला ठेवलाय,
तोच असेल बहुतेक. पेन्सिलची खूण केली आहे.
ब्लेड नवीन आहे.
पहिला ओरखडा उद्या.
उद्या पाण्याचा दिवस नाही.