उणे एक तांदूळ

सोणेश्वरी कलिताचा तराजू
बेलफळाच्या दोन कवट्यांचा.
दांडी बांबूची, दोरा एरी रेशमाचा,
आणि वजनं म्हणून मूठभर तांदूळ.

आम्ही तिला माही म्हणायचो, मावशी.
पांढऱ्या मेखलेतली बालविधवा;
मागावर मात्र लाल फुलंच काढायची,
दुसऱ्यांच्या खांद्यांसाठी.

आज्याच्या काळी आमच्या परसात खसखस डोलायची.
सरकारनं ती उपटायला लावली
आणि त्याच वाटेवर स्वतःचं दुकान थाटलं.
पाटीवर मुकुट, आत काळा गोळा.
"पेरायची बंदी, खायची मुभा.
आपल्या पेंगेवरही यांचा महसूल,"
माही म्हणायची, धोटा न थांबवता.

मी सात वर्षांचा. देउतांसाठी, म्हणजे बापासाठी,
रोज पुडी आणायचो, मुठीत घट्ट धरून,
घामानं कागद ओला व्हायचा.
एका सोमवारी कलंगच्या घाटावर तिनं मला अडवलं.
कानीकपाळी ओरडली नाही.
पुडी उघडली, तोलली,
तांदळाच्या एका दाण्याएवढं खरवडून नदीत टाकलं.
"जा. कळणार नाही त्याला."
पुढच्या सोमवारी दोन दाणे.
मग तीन.
कळलं पाचव्या आठवड्यात.
फोक तुटेपर्यंत मला मारलं,
आणि मग तो तुटका फोक हातात धरून
देउता पायरीवर तसेच बसून राहिले, संध्याकाळ होईतो.
दुसऱ्या दिवशी स्वतःच गेले तिच्याकडे. म्हणाले, मोज.

तिच्या वहीत बावीस नावं होती.
दुकानासमोर धरणं धरलं त्या दिवशी आले अकरा:
नाकं गळणारी, गुडघे लटपटणारी,
एकमेकांच्या गामोशाला धरून उभी.
जमादार हसला, "ही फौज?"
"हीच," माही म्हणाली,
"उभं राहायला तीन वर्षं लागलीत त्यांना."

नऊ महिने नगावच्या तुरुंगात.
वहीतलं सातवं नाव रत्नकांत, तिचा धाकटा भाऊ.
त्याच्या पानावर एकही वजाबाकी नव्हती.
ती आत असताना तो गेला.
सुटून आली, पान फाडलं नाही;
कोऱ्या रकान्यांकडे बघत
भात निवेपर्यंत बसली, आणि मग जेवली.

झेंडा बदलला त्या सकाळी
शाळेत तिला खुर्ची दिली, बोला म्हणाले.
ती उठली, विचारलं,
"दुकानाचा परवाना कुणाच्या नावावर झाला?"
मास्तर खोकले. पोरांनी टाळ्या वाजवल्या,
भाषण संपलं असं वाटून.

पुढे मी कंपाउंडर झालो. पितळी काटा, काचेची पेटी.
माहीचा तराजू खिळ्याला टांगलाय.
एक कवटी जराशी खाली झुकते.
सरळ करायला घेतली होती एकदा मी,
तर म्हणाली, राहू दे रे,
तिकडे माझा एक माणूस आहे.