दहातली आठवी

नमुने घ्यायची खोली म्हणजे आमचीच स्किल लॅब.
त्र्यंबक रोडकडच्या काचांना आज वर्तमानपत्र डकवलंय.
ज्या रबरी पुतळ्याच्या दंडात
पहिल्या वर्षी आम्ही नुसतं पाणी टोचलं,
तो चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडलाय.

पस्तीस जणी. प्रत्येकीच्या हातात रिकामा कप.
डिसेंबरातलं नाशिक, फरशीतून वर चढणारं.
शगुफ्ताची ही पाण्याची तिसरी बाटली.
"येतच नाही गं, दाराशी कुणी असलं की."
दाराशी वाघचौरे मॅडम.
"कडी लावायची नाही."

हे मी किती जणांना म्हटलंय!
बेडपॅन सरकवत, पडदा अर्धाच ओढून,
लाजायचं काय त्यात, काका.

फॉर्मवर एक ओळ:
सध्या चालू असलेली औषधे, गोळ्यांची संख्या.
ओळ बोटभर.

बोटभर ओळीत काय बसवू?
दिवाळीनंतरची रात्रपाळी, मेल सर्जिकल,
सातपूरचा नव्वद किलोंचा फिटर,
मावशी चहाला, वॉर्डबॉयचा पत्ता नाही,
ट्रॉलीवरून बेडवर, एक, दोन, तीन,
मी आणि पहिल्या वर्षाची एक पोर.
दोनवरच तिचे हात सुटले.
माझ्या कमरेत काहीतरी
ओली काटकी मोडावी तसं बोललं.

चांदवडकर डॉक्टरांचं अक्षर मला लागतं.
ट्रामाडॉल. दहा. दुखलं तरच.
कॅनडा कॉर्नरच्या मेडिकलवाल्यानं
आधी चिठ्ठी पाहिली, मग मला,
मग परत चिठ्ठी,
आणि शिक्का जरा जोरातच मारला.

चिठ्ठी आणलीय मी, आधार कार्डामागे घडी घालून.
चिठ्ठी असेल तर काळजी नाही, मॅडम म्हणाल्यात.

पण मला मोजायला शिकवलंय.
कपाटाची किल्ली, लाल वही,
मॉर्फिनच्या एकेका अँप्युलला दोन सह्या,
फुटलेल्याची काचसुद्धा हिशोबात.
सकाळी आकडा जुळला नाही
तर ड्युटी संपत नाही कुणाचीच.

म्हणून मोजते.
सात दुखण्यासाठी.
आठवीच्या रात्री कंबर गप्प होती.
काही झालंही नव्हतं त्या रात्री.
फक्त सातवीनं दाखवून ठेवलं होतं
की सगळं कसं हातभर लांब जाऊन बसतं:
ड्रेसिंगचा वास, मेसमधली डाळ,
नऊ नंबरचे बाबा, उद्या.
ते हातभर मला पुन्हा हवं होतं.

उरलेल्या दोन शगुफ्ताकडे दिल्या.
कुठे ठेवल्यास ते सांगू नको, म्हटलं.
तिनं विचारलं नाही का.

दुखलं तरच, असं चिठ्ठीत आहे.
शून्य ते दहा, किती दुखतंय?
रोज मीच विचारते नऊ नंबरला.
"आकड्यात नाही बसत गं पोरी,"
ते म्हणतात, आणि मी चार लिहून पुढे जायची.
आता लिहीत नाही लगेच.
स्टूल ओढते.

ओळीत नाव लिहिलं, डॉक्टर लिहिले, तारीख लिहिली.
संख्येसमोर पेन थांबलं.
सात लिहिलं असतं तरी चाललं असतं.
आठ लिहिलं.
मॅडमनी वाचलं, चिठ्ठीला टाचलं,
"पुढे सरक," म्हणाल्या.

बारा खिडक्यांची पट्टी असते ती.
रेघ उमटली तर काही नाही,
रेघ आलीच नाही तर सगळं.
प्रसूती वॉर्डातल्या पट्टीच्या अगदी उलट.
इतकी वर्षं रेघेची वाट पाहणाऱ्या बायका पाहिल्या,
कुणी यावी म्हणून, कुणी येऊ नये म्हणून.

कपावरच्या लेबलात: भोई हेमलता.
शिकवल्याप्रमाणे खोडलं,
एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी,
वर 'भोये', बाजूला सही.

"तुझाच ना?" त्यांनी विचारलं.
माझाच.
कोमट आहे अजून.